साग उत्तम, ताटाखालचा कागद नको

नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शहरापासून साधारण अर्ध्या तासाच्या अंतरावर, एका शीख कुटुंबाचा ढाबा आहे. त्याचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे येणारी तक्रार इतर अनेक ठिकाणांनाही लागू पडते.

आधी जेवणाबद्दल. जानेवारीत आम्ही चौघे दुपारी तिथे थांबलो. मक्याची रोटी हातावर थापून तव्यावर भाजलेली होती, सरसोंच्या सागाला पालकाचा गोडसरपणा नव्हता, वर लोण्याचा गोळा विरघळत होता आणि सोबतचा कांदा हाताने फोडलेला होता. दाल मखनी थोडी पातळ वाटली. लस्सी मात्र इतकी दाट की पेल्यातली साय चमच्याने काढून खावी लागली.

गल्ल्यावर बसलेल्या मालकांचे वय साठीच्या पुढचे असावे. त्यांचे मराठी ऐकून मी, पुणेकराला शोभेल अशा उदारपणाने, ‘मराठी छान बोलता हो’ असे म्हणून गेलो. ते म्हणाले, ‘साहेब, चार पिढ्या झाल्या इथे. शिकलो नाही, आता सुटतच नाही! पंजाबात गेलो की तिथले लोक माझ्या पंजाबीला हसतात आणि इथे तुम्ही माझ्या मराठीला शाबासकी देता.’ आमच्या टेबलावर हशा पिकला आणि त्यातला निम्मा माझ्यावर होता. गुरू गोविंदसिंहांचे देहावसान १७०८ मध्ये नांदेडला झाले, तिथला आजचा गुरुद्वारा महाराजा रणजितसिंहांनी १८३० च्या दशकात बांधवला आणि पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या शिखांना दखनी शीख म्हणतात. एवढे ठाऊक असूनही मी ते वाक्य बोललो होतो.

हा विनोद स्वतःच्या समाजावरचा होता, त्यात टोचणीही होती, पण त्याला द्वेष म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही, कारण दोन्हीकडून परका ठरण्याचा अनुभव घेतलेल्या माणसालाच तो सुचू शकतो.

ताटाखाली अंथरलेल्या छापील कागदाची गोष्ट वेगळी आहे. त्यावर पगडी घातलेल्या, डोळे तिरळे काढलेल्या दोन माणसांची चित्रे आणि भोवती संता-बंताचे दहा-बारा विनोद होते, ज्या सर्वांचा अर्थ सरदारजी मूर्ख असतात एवढाच. यातला एकही विनोद शिखांचा नव्हे. नावे बदलली की हेच विनोद फ्रेंच लोक बेल्जियनांवर, इंग्रज आयरिश लोकांवर आणि अमेरिकन पोलिश लोकांवर सांगतात. शिखांच्या जगण्यातला कणभरही तपशील त्यात नाही. पगडी आहे ती फक्त मूर्ख कोण हे लांबून ओळखू यावे म्हणून.

शेजारच्या टेबलावर कॉलेजची पाच-सहा मुले होती. त्यांनी कागद मोठ्याने वाचला, हसली, आणि रोट्या घेऊन आलेल्या सतरा-अठरा वर्षांच्या शीख मुलाला एकाने विचारले, ‘काय सरदारजी, बारा वाजले का?’ घड्याळात सव्वाबारा झाले होते. अठराव्या शतकात आक्रमकांच्या छावणीवर मध्यरात्री छापे घालून शीख बंदिवान स्त्रियांना सोडवत, त्यावरून ही थट्टा आली, अशी एक परंपरागत कथा सांगितली जाते. मराठीत मात्र बारा वाजणे याचा अर्थ वेगळाच होतो. तो मुलगा हसला नाही. त्याने रोट्या ठेवल्या, पाण्याचा जग उचलला आणि आत गेला. पुढच्या रोट्या दुसरा पोऱ्या घेऊन आला.

बिल देताना मी मालकांकडे विषय काढला. ‘आम्हीच आमच्यावर हसतो, मग दुसऱ्याचे काय बिघडते?’ असे ते म्हणाले. हा युक्तिवाद हलका नाही. खुशवंतसिंगांनी स्वतः शीख असून सरदारजींचे विनोद पुस्तकांतून छापले, आणि त्यावर त्यांच्या समाजातले काही लोक हसले, काही चिडले. संकेतस्थळांवरच्या अशा विनोदांवर बंदी घालावी म्हणून एका शीख वकील महिलेने २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हा नागरिकांसाठी नैतिक आचारसंहिता घालून देणे आमचे काम नव्हे, असे न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटले. मला ते पटते. ढाब्यावरचा कागद पोलिसांनी जप्त करावा असे माझे म्हणणे अजिबात नाही. अशा कागदाला वंशद्वेष म्हटले, तर शीख हा धर्म आहे, त्यात वंशद्वेष कुठून आला, असेही कोणी म्हणेल. पण पगडीमुळे शाळेत प्रवेश नाकारलेल्या मुलाच्या खटल्यात ब्रिटनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्‌सने १९८३ मध्येच शिखांना वांशिक गट मानून वंशभेदविरोधी कायद्याचे संरक्षण दिले होते.

माझी अडचण ‘आम्हीच’ या शब्दाशी आहे. मालक विनोद सांगतात तेव्हा ऐकणाऱ्याला त्यांच्या तोंडाकडे पाहावे लागते, आणि पाहुणा जास्त सैलावला तर त्याला गप्प करण्याइतका मान आणि वय त्यांच्यापाशी आहे. कागदाला तोंड नाही. तो ज्याच्या हाती पडेल त्याचा होतो, आणि ‘त्यांनीच छापलेय’ अशी मुभा आयतीच मिळते. ज्याच्यावर ती मुभा वापरली गेली, त्या मुलाला ना कोणी विचारले होते, ना गिऱ्हाइकाला उलट बोलण्याची त्याची सोय होती. मालकांनी स्वतःवर हसण्याची परवानगी जरूर द्यावी, पण ती पोऱ्याच्या वतीने कशी देणार? म्हणून त्या कागदाला मी वंशद्वेषच म्हणतो, तो छापणारा शीख असला तरीही.

जेवणाला पाचपैकी साडेचार, मालकांच्या गप्पांना पाच, कागदाला शून्य. मुलांना घेऊन जरूर जा. जागा स्वच्छ आहे, गाडी सावलीत लागते, लस्सी दोघांत एक पुरते.

मालकांनी माझे सगळे ऐकून घेतले, दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाले, ‘छापून आणलेत ना साहेब, संपले की बघू.’ गल्ल्यामागे कागदांचे गठ्ठे गुडघ्याइतके उंच रचलेले होते.