टोनी की ऑलिव्हिए: नाटक निवडताना कुणाची यादी धरावी?

टोनी हे नाट्यपुरस्कार (१९४७पासून) फक्त न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेपुरते, म्हणजे तिथल्या मोठ्या व्यावसायिक नाट्यगृहांपुरते. नाट्यगृहात किमान ५०० खुर्च्या हव्यात. शंभर खुर्च्यांच्या खोलीतलं अफलातून नाटक ब्रॉडवेवर येईपर्यंत बाहेरच. लंडनचे ऑलिव्हिए पुरस्कार (१९७६पासून, हे नाव १९८४मध्ये मिळालं) लहान नाट्यगृहांसाठी वेगळा विभाग ठेवतात, शिवाय ऑपेरा आणि नृत्यही घेतात.

तांत्रिक बाजूंत मात्र टोनी बारकाईचे. नेपथ्याचं बक्षीस नाटकाला वेगळं, संगीतिकेला वेगळं. ऑलिव्हिएत दोघांची एकत्र स्पर्धा, म्हणजे दिवाणखान्याचा साधा सेट फिरत्या रंगमंचापुढे उभा! हे जरा अन्यायाचंच.

भव्य संगीतिका बघायची असेल तर टोनी धरा. नवं, छोटं किंवा नृत्यप्रधान हवं असेल तर ऑलिव्हिए.