मुंबईहून उडायचं, तर कोणाच्या विमानात?

घाटकोपरला आमच्या गच्चीवर उभं राहिलं की उतरणारी विमानं इतकी खाली येतात की चाकं मोजता येतात. गर्दीच्या वेळी दर दोन-तीन मिनिटांनी एक. त्यामुळे अंधेरीत छोटी कंपनी चालवणाऱ्या भाचीने परवा विचारलं, "मावशी, वर्षभराची तिकिटं एकाच विमान कंपनीची काढायची आहेत. पर्यावरणाच्या दृष्टीने कोणती बरी?", तेव्हा मी मन लावून शोधायला बसले. तिची माणसं दर महिन्याला मुंबईहून दिल्ली आणि बंगळुरूला जातात आणि वर्षातून एकदा युरोपला जातात. अशाच विचारात असलेल्या इतरांनाही उपयोग व्हावा म्हणून हे लिहिते आहे.

मोजायचं ते इंधन. एक किलो विमान-इंधन जळलं की सुमारे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. अकासा या नव्या विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांचा गणवेश टाकाऊ प्लॅस्टिकपासून केलेल्या कापडाचा आहे आणि ते मला मनापासून आवडतं. पण निवड त्यावर करू नये. इंजिन किती नवं, एका विमानात आसनं किती आणि उड्डाण थेट आहे का, हे आधी बघावं.

देशांतर्गत मार्गांवर इंडिगो आणि अकासा यांच्या इंजिनांत फारसा फरक नाही. इंडिगोकडे बहुतांश एअरबस ए३२० निओ आणि ए३२१ निओ, अकासाकडे फक्त बोइंग ७३७ मॅक्स. दोन्ही जाती आधीच्या पिढीपेक्षा साधारण १५ ते २० टक्के कमी इंधन घेतात. ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबई-अहमदाबाद उड्डाणाने सुरू झालेल्या अकासाकडे जुनं विमानच नाही, ही तिची जमेची बाजू. इंडिगोची गोष्ट गुंतागुंतीची आहे. तिने जून २०२३ मध्ये एका फटक्यात ५०० विमानांची ऑर्डर दिली आणि त्याच वर्षी प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांतल्या धातूचा दोष उघड झाला. डझनावारी नवी विमानं जमिनीवर बसली आणि मार्ग चालू ठेवायला जुनी विमानं भाड्याने घ्यावी लागली. वाढीचा वेग सांभाळताना पर्यावरणाचं गणित कसं मागे पडतं, ते इथे स्पष्ट दिसतं.

एअर इंडियाकडेही ए३२० निओ आहेत, मात्र तिथे आसनांचा हिशेब बदलतो. तिच्या तीन वर्गांच्या ए३२० निओमध्ये १६४ आसनं, तर इंडिगोच्या त्याच विमानात १८६ पर्यंत. साधारण तेवढंच इंधन कमी माणसांत वाटलं गेलं, तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे १३ टक्के जास्त येतं. इंडिगोनेही मुंबई-दिल्ली मार्गावर १२ ऐसपैस आसनांची ए३२१ आणली आहेत, म्हणजे तीही त्याच वाटेने निघाली आहे. बिझनेस क्लासचं तिकीट काढणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

युरोपसाठी मात्र कंपनीपेक्षा विमानाची जात बघा. टाटांनी जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया ताब्यात घेतली, फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० विमानांच्या खरेदीची घोषणा केली आणि जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं ए३५० उडवलं. तरीही ताफ्यात जुनी, जास्त इंधन खाणारी बोइंग ७७७ अजून आहेत. इंडिगोने जुलै २०२५ मध्ये मुंबईहून मँचेस्टर आणि अ‍ॅमस्टरडॅमची थेट सेवा भाड्याच्या ७८७-९ विमानांनी सुरू केली. तिकीट काढताना विमानाचं नाव लिहिलेलं असतं. ७८७ किंवा ए३५० दिसलं तर ते घ्यावं, ७७७ दिसलं तर तारीख बदलता येते का पाहावं. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं आकाश आपल्या कंपन्यांना बंद आहे. वळसा घालावा लागतो आणि इंधन वाढतं, पण हा भार दोघींवरही आहे.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते नियमांचं. विमानांच्या उत्सर्जनाची भरपाई करायला लावणाऱ्या कोर्सिया या जागतिक योजनेची सक्ती आपल्याला २०२७ पासून लागू होईल, तीसुद्धा फक्त आंतरराष्ट्रीय उड्डाणांना. शाश्वत इंधनाचं, म्हणजे खनिज तेलाऐवजी टाकाऊ तेल, वनस्पती अशा गोष्टींपासून केलेल्या विमान-इंधनाचं, एक टक्का मिश्रणाचं आपलं उद्दिष्टही २०२७ चं आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणांपुरतंच. म्हणजे भाचीची माणसं ज्या मुंबई-दिल्ली मार्गावर सर्वात जास्त फिरतात, तो दोन्हींतून सुटतो. स्पाइसजेटने २०१८ मध्येच डेहराडून-दिल्ली उड्डाण जैवइंधनाचं मिश्रण वापरून केलं होतं. तरी २०२४ मध्ये जगभरच्या विमान-इंधनात शाश्वत इंधन अवघं ०.३ टक्का होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये इंडियन ऑइलच्या पानिपत रिफायनरीला वापरलेल्या खाद्यतेलापासून ते बनवण्याचं प्रमाणपत्र मिळालं, तेव्हा मला खरंच आनंद झाला. आपल्या शहरात रोज वडे तळून उरणारं तेल पुन्हा पुन्हा कढईत जाण्यापेक्षा तिकडे गेलेलं कितीतरी बरं.

विमानतळाचाही विचार करावा. सांताक्रूझच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते आणि गर्दीत विमानं हवेत घिरट्या घालत इंधन जाळतात. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईत उलव्याला झालेल्या नव्या विमानतळाहून इंडिगो आणि अकासा दोघीही उडतात. नेरुळ-पनवेलकरांनी तिथूनच जावं. अंधेरीहून उलव्यापर्यंत टॅक्सी करण्यात मात्र अर्थ नाही.

भाचीला मी सांगितलं: एकाच कंपनीशी बांधून घेऊ नकोस. दिल्ली-बंगळुरूला वेळ जुळली तर अकासा, नाही तर इंडिगो, साध्या वर्गात. युरोपला थेट आणि नव्या जातीचं विमान, मग ते कोणाचंही असो. आणि दिल्लीची बैठक दुपारची असेल, तर राजधानी आहेच. संध्याकाळी पाचला मुंबई सेंट्रलहून निघते, सकाळी साडेआठच्या सुमारास पोचवते. मार्चच्या दोन बैठका तिने दुपारी ठेवल्यात आणि त्यांची तिकिटंही काढलीत.