मॉडिफाइड सिट्रस पेक्टिन पावडर: डबा घेण्याआधी लेबल वाचा

अनेक कर्करोगांत पेशींवर गॅलेक्टिन-३ हे प्रथिन जास्त असतं. ते गॅलॅक्टोज साखरेला चिकटतं. रक्तात सुटलेल्या पेशी त्याच्याच आधाराने एकमेकींना आणि रक्तवाहिनीच्या अस्तराला धरतात आणि नव्या अवयवात मूळ धरू शकतात. पेक्टिन म्हणजे लिंबू-संत्र्यासारख्या फळांच्या सालीतला, साखरेच्या लांब साखळीचा पदार्थ; त्या साखळीच्या फांद्यांवरही गॅलॅक्टोज असतं. ती पकडीची जागा त्याने अडवावी, ही या पावडरीमागची कल्पना.

पण जॅममध्ये घालतात ते साधं पेक्टिन इथे कुचकामी. त्याची साखळी इतकी लांब की आतड्यातून रक्तात जातच नाही. ‘मॉडिफाइड’ म्हणजे ही साखळी तोडून आखूड केलेली. म्हणून लेबलवर रेणुभार (रेणूचं वजन) १५ किलोडाल्टनच्या आत लिहिलेला हवा. नुसतं ‘सिट्रस पेक्टिन’ लिहिलेला डबा सरळ परत ठेवा.

नेहमीचं प्रमाण ५ ग्रॅम, दिवसातून तीनदा. पावडर थेट ग्लासात टाकली की वरून चिकट, आत कोरड्या गुठळ्या होतात. आधी दोन चमचे कोमट पाण्यात कालवा, मग उरलेलं पाणी घाला. सुरुवातीला पोट फुगतं, शौचाला पातळ होते. काही पावडरींत पोटॅशियम असतं, मूत्रपिंडाच्या रुग्णांनी ते आवर्जून तपासावं.

प्रयोगशाळेत आणि उंदरांत परिणाम दिसला आहे; माणसांतले अभ्यास छोटे आहेत. केमो थांबवून हे घेणं धोक्याचं आहे. ऑन्कॉलॉजिस्टला डबा दाखवूनच सुरू करा.