यामाहा ए-एस५०१: १४ महिने वापरल्यावर

लाउडनेसच्या नॉबपासूनच सुरुवात करतो, कारण हा ॲम्प (स्पीकरना ताकद देणारा ॲम्प्लिफायर) घेतल्याचं खरं समाधान मला त्या नॉबमुळे आहे.

आमचा फ्लॅट लहान. भिंतीपलीकडे शेजारी, आतल्या खोलीत आई साडेनवालाच झोपते. त्यामुळे माझं ऐकणं रात्री दहानंतरचं आणि हळू आवाजातलं. जुन्या ॲम्पवर ख्याल लावला की गायकाचा गळा नीट यायचा, तबल्याची चाट यायची, पण डग्गा गायब, आणि तंबोरे जेमतेम असल्यासारखे. स्पीकर बदलायचा विचारही केला होता. पण दोष स्पीकरचा नव्हता, कानाचा धर्मच तो. आवाज उतरला की खर्ज आणि अगदी वरचे सूर आपल्याला मधल्या सुरांपेक्षा जास्त कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये हे मोजून त्याचे आलेख काढले होते.

बऱ्याच डेकवर लाउडनेसचं नुसतं बटण असायचं, दाबलं की बास वाढला. इथे फिरवायचा नॉब आहे आणि त्याची रीत वेगळी आहे. आधी तो ‘फ्लॅट’ या खुणेवर ठेवायचा. मग आपण जास्तीत जास्त जेवढ्या मोठ्याने ऐकतो तिथपर्यंत व्हॉल्यूम न्यायचा. तिथून पुढे आवाज उतरवायचा तो लाउडनेसने. हा नॉब मधले सूर जास्त खाली आणतो आणि दोन्ही टोकं राखतो. पहिले पंधरा दिवस मी व्हॉल्यूम खाली ठेवूनच लाउडनेस फिरवत होतो आणि हाती काही लागत नव्हतं. मग एका रात्री माहितीपुस्तिका वाचून नीट केलं. विलंबित एकताल चालू होता, आवाज इतका हळू की पंख्याची घरघर ऐकू येत होती, आणि त्यात डग्ग्याचा घिस्सा (तळहात घासून काढलेला घुमारा) सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकू आला. मी तीच रेकॉर्ड पुन्हा पहिल्यापासून लावली.

एक जपा: ‘प्युअर डायरेक्ट’चं बटण दाबलं की टोन, बॅलन्स आणि लाउडनेस तिन्ही वगळले जातात. लाउडनेसने उतरवलेला आवाज एकदम मूळ पातळीवर येतो. रात्री एकदा माझा हात चुकून त्यावर पडला आणि खोली दणाणली. आता बटणाला हात लावायच्या आधी व्हॉल्यूम खाली आणतो.

ताकद ८ ओहमच्या स्पीकरला दर चॅनेलला (डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूला) ८५ वॅट. माझ्या बुकशेल्फ स्पीकरना ती भरपूर होते. फोनो इनपुट, म्हणजे टर्नटेबल जोडायची जागा, एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) प्रकारच्या कार्ट्रिजसाठी, म्हणजे सुई बसवलेल्या भागासाठी आहे; टर्नटेबलचा बारीक सिग्नल वाढवणारा वेगळा प्रीॲम्प लागत नाही. माझ्या टर्नटेबलला आधी घूंऽऽ असा आवाज यायचा. त्याची बारीक अर्थिंगची वायर मी जोडलीच नव्हती. ॲम्पच्या मागच्या जीएनडी (ग्राउंड) लिहिलेल्या स्क्रूखाली ती आवळली आणि घुमणं थांबलं.

टीव्ही ऑप्टिकल केबलने जोडलाय. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’ (साधा डिजिटल आवाज) करा, कारण डॉल्बीचा सिग्नल हा ॲम्प उलगडत नाही. ब्लूटूथ आणि यूएसबी आत नाही. ज्यांचं सगळं ऐकणं फोनवरून आहे त्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

दिसायला मला फार आवडतो. ॲल्युमिनियमचा सपाट चेहरा, स्क्रीन नाही, कुठला इनपुट चालू आहे ते छोट्या दिव्यावरून कळतं. रिमोटने व्हॉल्यूम वाढवला की समोरचा मोठा नॉब आपोआप फिरतो, ते आमची भाची दर भेटीत बघत बसते. चालू केल्यावर काही सेकंदांनी आतून ‘टक’ असा रिलेचा (आतल्या आपोआप चालणाऱ्या स्विचचा) आवाज येतो आणि मगच स्पीकर जोडले जातात. तो बिघाड नाही.

वजन १०.३ किलो आहे, फळी मजबूत हवी. बंद खणात ठेवू नका. वरून जाळीतून गरम हवा बाहेर पडते, तिथे मासिकांचा गठ्ठाही नको. आमच्याकडे तो पडलेला असायचा, तो आता खालच्या कप्प्यात गेलाय.