जुना डीएसएलआर घ्यावा की कॉम्पॅक्ट? लेन्स ठरवा, मग कॅमेरा

हातात बरा मोबाईल असताना वेगळा कॅमेरा घ्यायचा, तर मोबाईलला जमत नाही असं काहीतरी त्याला जमलं पाहिजे. सेकंडहँड बाजारात साधारण सारख्या बजेटमध्ये दोन रस्ते दिसतात. एक, २००८ ते २०१२ च्या सुमाराचा डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा: निकॉनचे डी९०, डी३१००, डी३२०० किंवा कॅननचे ५५०डी, ६००डी. दुसरा, कॉम्पॅक्ट, म्हणजे लेन्स न बदलणारा छोटा कॅमेरा. पण कॉम्पॅक्टमध्येही दोन निराळ्या जाती आहेत. कॅनन पॉवरशॉट एसएक्स७२० एचएससारखे लहान सेन्सरचे (सेन्सर म्हणजे प्रकाश टिपणारी आतली चिप), ४० पट झूमवाले; आणि सोनी आरएक्स१०० सारखे मोठ्या, एक इंची वर्गातल्या सेन्सरचे, पण थोड्या झूमवाले. या दोघांना एकाच नावाखाली डीएसएलआरसमोर उभं केलं, की तुलना पहिल्या पायरीलाच घसरते.

आमचं मत आधीच सांगतो. सोबत आलेल्या १८-५५ किट लेन्सवरच भागवणार असाल, तर जुना डीएसएलआर घेऊ नका, चांगला आरएक्स१०० बघा. दुसरी लेन्स घ्यायची तयारी असेल, तर मात्र डीएसएलआरला तोड नाही. नुसत्या लांब झूमसाठी लहान सेन्सरचा कॉम्पॅक्ट चालेल, तोही भरपूर उजेडात.

आता यामागचा हिशोब. कॅननच्या या डीएसएलआरचा सेन्सर २२.३ × १४.९ मिलिमीटर, आरएक्स१०० चा १३.२ × ८.८, आणि एसएक्स७२० चा जेमतेम ६.१७ × ४.५५. क्षेत्रफळात डीएसएलआर सोनीच्या जवळजवळ तिप्पट आणि छोट्या कॉम्पॅक्टच्या बारा पट. दुकानदार हे सांगतो आणि इथेच थांबतो. पण सेन्सरवर प्रकाश किती पोचतो हे लेन्स ठरवते. किट लेन्स १८ मिलिमीटरला, म्हणजे सगळ्यात रुंद टोकाला, एफ ३.५ पर्यंतच उघडते (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते). आरएक्स१०० तेवढ्याच रुंद दृश्याला एफ १.८ देतो, म्हणजे जवळपास चौपट उजेड. तिप्पट सेन्सरचा फायदा तिथेच फिटला, उलट सोनी थोडा पुढेच. झूम ताणल्यावर चित्र पालटतं. किट लेन्स एफ ५.६ आणि सोनी एफ ४.९, फरक किरकोळ, म्हणून मोठा सेन्सर एखाद्या स्टॉपने, म्हणजे साधारण दुप्पट उजेडाने, जिंकतो. एवढ्या एका स्टॉपसाठी पाऊण किलोचं धूड गळ्यात अडकवायचं का?

त्याच बॉडीवर ५० मिलिमीटर एफ १.८ लावली की गोष्ट वेगळी होते. कमी उजेडात दूरच्या टोकाला आरएक्स१०० ला जिथे शटरचा वेग १/१५ सेकंद मिळतो, तिथे त्याच आयएसओवर (सेन्सरच्या संवेदनशीलतेच्या आकड्यावर) या लेन्सला १/१०० च्या पुढे मिळतो, आणि मोठ्या सेन्सरमुळे फोटोत दाणेही कमी. माणूस हलला तरी चेहरा हलत नाही. पार्श्वभूमी विरघळते ती खरोखरची, मोबाईलसारखी केसांच्या कडा खाणारी नाही.

कास पठारावर काय होतं

ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत साताऱ्यात कॅमेऱ्याची चौकशी वाढते ती कासमुळे. पठार सुमारे १२०० मीटर उंचीवर, वर ढग, मध्येच भुरभुर आणि वारा सतत. फुलं बहुतेक घोट्याएवढी. शिवाय ठरलेल्या वाटेबाहेर पाय टाकायचा नसतो, आणि तो टाकूही नये. एका फोटोसाठी पाच रोपं तुडवणारे कमी नाहीत. त्यामुळे कॅमेरा फुलाला टेकवून काढायचा मॅक्रो इथे फारसा उपयोगाचा नाही.

कॉम्पॅक्टच्या डब्यावर ‘१ सेंटीमीटर मॅक्रो’ छापलेलं असतं. ते फक्त झूम पूर्ण मागे असताना खरं. आरएक्स१०० रुंद टोकाला ५ सेंटीमीटरवर फोकस करतो, पण झूम ताणला की कमीत कमी ५५ सेंटीमीटर अंतर लागतं आणि चौकटीत जवळपास वीतभर रुंदीचं दृश्य येतं. गेंदांचा किंवा तेरड्याचा ताटवा त्यात छान बसेल. सीतेच्या आसवांचं एकटं निळं-जांभळं फूल मात्र ठिपक्याएवढं दिसेल. वाटेलगतचं फूल मिळालं आणि ५ सेंटीमीटरवर गेलात, तर लेन्सची सावली फुलावरच पडते.

डीएसएलआरवर कॅननची ५५-२५० आयएस ही स्वस्तातली लेन्स लावा. ती १.१ मीटरवरून फोकस करते आणि तिथे ०.३१ पट मोठेपणा देते, म्हणजे वाटेवर बसल्या बसल्या सात सेंटीमीटर रुंदीची चौकट. कासला लागतं ते नेमकं हेच. निकॉनची ५५-२०० व्हीआरसुद्धा १.१ मीटरलाच फोकस करते, मोठेपणा थोडा कमी, ०.२३ पट. अडचण फोकसच्या खोलीची. इतक्या जवळून एफ ५.६ ला जेमतेम तीन मिलिमीटर भाग धारदार येतो: पाकळीची कड स्पष्ट आणि देठ गायब. एफ ८ किंवा ११ वर या. वाऱ्यात फूल डोलतं म्हणून १/२५० सेकंदाच्या खाली जाऊ नका. ढगाळ उजेडात हे जुळवायला आयएसओ ८०० च्या आसपास लागतो. डीएसएलआर ८०० ला निवांत असतो. लहान सेन्सरचा कॉम्पॅक्ट मात्र दाणे पुसायच्या नादात पाकळीवरच्या शिराही पुसून टाकतो. खोलीच्या बाबतीत लहान सेन्सर खरंच उजवा आहे, न मागता अख्खं फूल स्पष्ट देतो. पण तो फायदा आयएसओ खाऊन टाकतो.

धुकं दोघांनाही फसवतं. कॅमेरा पांढऱ्या धुक्याला राखाडी करू बघतो, म्हणून एक्स्पोजर +२/३ ते +१ ठेवा. यातला एकही कॅमेरा पाणीरोधक नाही. कॉम्पॅक्टची नळी बाहेर येते आणि आत जाते, ओली असताना आत गेली की दमटपणा घेऊनच जाते. आधी पुसा, मग बंद करा. डीएसएलआरची लेन्स पठारावर बदलू नका, गाडीत बसूनच लावून या. एसीच्या थंड गाडीतून कॅमेरा तडक बाहेर काढला की काचेवर दव धरतं, तेव्हा घाट चढतानाच एसी बंद करा किंवा कॅमेरा वीस-तीस मिनिटं बॅगेत बंद राहू द्या.

मिरजेची मैफल, पालचा भंडारा, लांबचे पक्षी

मिरजेत दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं. अशा ठिकाणी फ्लॅश उडवायचा नसतो, आणि डीएसएलआरचा आरसा प्रत्येक फोटोला ‘खटॅक’ करतो. विलंबित आलापात तो चार रांगांपलीकडे ऐकू जातो. कॉम्पॅक्टला आरसाच नाही. आवाज मेन्यूतून बंद केला की काम जवळजवळ मुकं. पुढे बसायला मिळणार असेल तर इथे आरएक्स१०० घ्या, रुंद टोकाला एफ १.८ वर. मागे बसणार असाल तर ५० एफ १.८ आणि टाळ्यांच्या वेळी फोटो.

पालच्या खंडोबाच्या यात्रेत भंडारा उधळतो, विसर्जनाला गुलाल. ही पूड पिठाहून बारीक. बाहेर सरकणाऱ्या नळीच्या कॉम्पॅक्टचा खरा शत्रू हाच. कणी गिअरात गेली की नळी अर्ध्यात अडकते, स्क्रीनवर लेन्स एररची सूचना येते, आणि दुरुस्तीचा खर्च बहुधा जुन्या कॅमेऱ्याच्या किमतीला भिडतो. डीएसएलआरवर प्लॅस्टिकची पिशवी चढवा, लेन्सपुरतं भोक पाडून रबरबँड लावा, पुढे यूव्ही फिल्टर बसवा (कॅननच्या १८-५५ ला ५८ मिलिमीटर, निकॉनच्या बहुतेकांना ५२). लेन्स खराब झालीच, तर लेन्स बदलता येते, कॅमेरा उरतो. ठोसेघरला धबधब्याचं पाणी रेशमासारखं हवं असेल, तर उजेड कमी करणारा एनडी फिल्टरही लेन्सच्या याच आट्यांवर बसतो; आरएक्स१०० ला आटेच नाहीत.

येरळवाडी-मायणीकडच्या तलावांवर किंवा सागरेश्वरच्या हरणांसाठी एसएक्स७२० चा ९६० मिलिमीटरइतका झूम भुरळ घालतो. ५५-२५० लेन्स कॅननच्या सेन्सरवर त्याच मापात ४०० इतकीच पोचते. पण ९६० ला त्याची लेन्स एफ ६.९ असते, आणि १.२ मायक्रॉनच्या पिक्सेलवर इतक्या लहान छिद्रातून आलेला प्रकाश पसरतोच. कागदावरचे २० मेगापिक्सेल हातात तेवढे उतरत नाहीत. बसलेला पक्षी, सकाळचं कोवळं ऊन, हात टेकवायला दगड, इतकं जुळलं तर ओळख पटण्यापुरता फोटो नक्की मिळतो. उडणारा पक्षी विसरा. उन्हात स्क्रीन दिसत नाही, पाहायला व्ह्यूफाइंडर नाही, फोकस मागे-पुढे शोधत बसतं. डीएसएलआरचा आरशातून दिसणारा व्ह्यूफाइंडर आणि झटपट जुळणारा फेज डिटेक्ट फोकस इथे आजही कामाचे आहेत.

व्हिडिओसाठी जुना डीएसएलआर घ्यायचाच नाही. डी९० हा व्हिडिओ देणारा पहिला डीएसएलआर, पण ७२०पी आणि एका क्लिपला पाच मिनिटं. ६००डी फुल एचडी देतो, मात्र चित्रीकरण चालू असताना माणसामागे फोकस नेत नाही. घरच्या बारशाला कॉम्पॅक्ट किंवा सरळ मोबाईल.

वजन सांगायचं राहिलं. ६००डी ५७० ग्रॅम, दोन लेन्स धरून साडेअकराशेच्या वर. आरएक्स१०० २४० ग्रॅम. सज्जनगडाच्या पायऱ्या चढताना हा फरक कळतो, आणि घरी ठेवलेला कॅमेरा फोटो काढत नाही.

घेताना काय तपासायचं

बजेटचा अर्धाच भाग बॉडीवर घाला, उरलेला लेन्सला ठेवा. निकॉनमध्ये एक खाच आहे. डी३१०० आणि डी३२०० मध्ये फोकस मोटर नाही, म्हणून ५० एफ १.८ डी लावली की फोकस हातानेच फिरवावं लागतं. त्यांना एएफ-एस लिहिलेली, लेन्समध्येच मोटर असलेली, म्हणजे ५० एफ १.८ जी किंवा ३५ एफ १.८ जी लागते. डी९० च्या बॉडीत मोटर आहे, तिथे स्वस्तातली ‘डी’ चालते.

शटर किती वेळा उडालं ते निकॉनच्या जेपेग फाइलमधल्या माहितीतूनच कळतं. ५५०डी-६००डीचा आकडा फाइलमध्ये नसतो, यूएसबी जोडून सॉफ्टवेअरनेच काढावा लागतो. डी९० चं शटर एक लाखापर्यंत तपासलेलं आहे, तेव्हा चाळीस-पन्नास हजारांना घाबरू नका. लग्नाच्या फोटोग्राफरकडून आलेली बॉडी असेल तर मात्र आकडा पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

लेन्समधून मोबाईलची टॉर्च तिरकी मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, सरळ नाही म्हणा. मग एफ ८ लावून झूमच्या प्रत्येक टप्प्यावर एकेक फोटो काढा. जुन्या झूममध्ये कधी कधी छिद्र चालवणारी लवचिक पट्टी तुटलेली असते; पूर्ण उघडी असताना लेन्स ठणठणीत वाटते आणि छिद्र लहान केलं की कॅननवर ‘एरर ०१’ झळकतं. फक्त ऑटोवर चालवून बघणाऱ्याला हे कधीच कळत नाही. त्यानंतर एफ १६ ला फोकस बिघडवून मोकळ्या आभाळाचा फोटो. काळे ठिपके ही सेन्सरवरची धूळ, हाताने दाबायच्या रबरी फुंकणीने जाते. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. फुंकणीने न हलणारा ओरखडा असेल तर परत द्या.

डी९० ला ३२ जीबीपर्यंतचं एसडीएचसी कार्डच द्या, ६४ चं कार्ड तो धड ओळखत नाही. या डीएसएलआरमध्ये वायफाय नाही, मूळ आरएक्स१०० मध्येही नाही, म्हणून ओटीजी कार्ड रीडर धरून चाला. बॅटरी फुगलेली नाही ना, मूळ चार्जर आहे ना, हे विचारायला लाजू नका.

कॉम्पॅक्टची परीक्षा छोटी पण कडक. दहा वेळा चालू-बंद करा, झूम पूर्ण पुढे-मागे न्या आणि कान द्या. कुरकुर ऐकू आली किंवा नळी अडखळली तर तिथेच नमस्कार. लेन्सच्या आत शिरलेली धूळ कॅमेरा उघडल्याशिवाय निघत नाही. आरएक्स१०० कॅमेऱ्यातच मायक्रो यूएसबीने चार्ज होतो, तेव्हा ते भोक ढिलं झालेलं नाही ना बघा. आणि ‘सीसीडी डिजिकॅम’ म्हणून (सीसीडी हा सेन्सरचा जुना प्रकार) जुन्या छोट्या कॅमेऱ्याला कुणी चढा भाव सांगत असेल, तर तो लूक बराचसा समोरून मारलेल्या थेट फ्लॅशचा आहे, एवढं लक्षात ठेवा.

पावसाळ्यात कॅमेरा कपाटातल्या चामड्याच्या किंवा कापडी बॅगेत ठेवू नका, बुरशी तिथेच धरते. रबरी कडेचा हवाबंद प्लॅस्टिकचा डबा, त्यात निळी सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. सिलिका गुलाबी झाली की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर निळी होईपर्यंत तापवा. स्वयंपाकाचं भांडं मात्र वापरू नका, त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतो.