डायब्लो टू घ्यायचाय, पण कुठला? जुना की रेझरेक्टेड?

डायब्लो टू हा २०००चा कॉम्प्युटर गेम, आणि रेझरेक्टेड ही त्याचीच २०२१ची नव्या चित्रांची आवृत्ती. ती उघडून रोग एन्कॅम्पमेंट या पहिल्या तळावर उभं राहा आणि कीबोर्डवरचं ‘जी’ दाबा. २०२१चं चित्र जाऊन २०००चं येतं: चौकोनी पडदा, ठसठशीत पिक्सेल, तोच मळकट तंबू. पुन्हा दाबलं की नवं चित्र परत. या दोन चित्रांखाली खेळ एकच चालू असतो, म्हणून ‘जुन्या ग्राफिक्सची मजा वेगळी’ एवढ्याच कारणासाठी मूळ डायब्लो टू विकत घेण्यात अर्थ नाही. ती मजा रेझरेक्टेडमध्येच आहे. निवड करताना पाहायचं ते वेगळंच: तुमचं कॅरेक्टर कुठे सेव्ह होणार, ते कोणाबरोबर खेळणार आणि त्याला मॉड (गेममध्ये बाहेरच्यांनी केलेले बदल) लागणार का.

खेळ एकच आहे म्हणजे किती एक? मूळ गेमचं गणित सेकंदाला २५ फ्रेमवर चालतं. रेझरेक्टेडमध्ये हालचाल १४४ हर्ट्‌झच्या मॉनिटरवर लोण्यासारखी दिसली, तरी आतलं गणित २५चंच राहतं. त्यामुळे जुने ब्रेकपॉइंट, म्हणजे वेग ज्या आकड्यांवर वाढतो त्या पायऱ्या, बहुतांशी जसेच्या तसे लागू पडतात. सॉर्सरेस, म्हणजे जादूगारीण घ्या. फास्टर कास्ट रेट (मंत्र टाकण्याचा जादा वेग) ६३ टक्के झाला की मंत्र ९ फ्रेममध्ये सुटतो, पुढची पायरी थेट १०५वर, ८ फ्रेमची. मधल्या आकड्यांचा उपयोग शून्य. तलवार आणि ढाल दोन्ही स्पिरिट या रूनवर्डची (रून नावाचे दगड ठराविक क्रमाने बसवून बनलेली), प्रत्येकी ३० टक्क्यांची, मॅजफिस्ट हातमोज्यांचे २० आणि एका अंगठीचे १० धरले तर बेरीज ९० होते, पण वेग ६३वाल्याइतकाच. दुसऱ्या अंगठीचे १० धरूनही १००वरच अडकता. गळ्यात पाच टक्क्यांचं का होईना, अम्युलेट हवंच. लाइटनिंग आणि चेन लाइटनिंग या मंत्रांचा तक्ता वेगळा आहे, तेवढा अपवाद लक्षात ठेवा. हे गणित दोन्ही आवृत्त्यांत सारखं असल्यामुळे वीस वर्षं जुनी गाइड आजही कामाला येते.

फरक जाणवतो तो सामान ठेवताना. मूळ गेममध्ये एक्स्पान्शन (नंतर आलेली पुरवणी) धरूनही स्टॅश, म्हणजे सामानाची पेटी, ४८ घरांची. जास्तीचं सामान ठेवायला लोक ‘म्यूल’ कॅरेक्टर बनवायचे. मग एका कॅरेक्टरने गेम उघडायचा, वस्तू जमिनीवर टाकायची, बाहेर पडून दुसऱ्याने आत यायचं आणि तोवर गेम बंद पडू नये म्हणून देवाचा धावा करायचा. रेझरेक्टेडमध्ये प्रत्येकाचा स्वतःचा स्टॅश १०० घरांचा आहे, शिवाय सगळ्या कॅरेक्टरना मिळून तीन सामायिक कप्पे, प्रत्येकी १०० घरांचे. सोनं आपोआप उचललं जातं. जमिनीवरच्या वस्तूंची नावं कायम दिसत ठेवता येतात, ऑल्ट धरून बोट दुखवायला नको. सोबत बाळगायची इन्व्हेंटरी मात्र तीच ४० घरांची. नुसते जवळ ठेवून फायदा देणारे चार्म भरले की पोशन ठेवायला जागा नाही ही रड कायम आहे, आणि ती राहायलाच हवी. काय ठेवायचं, काय टाकायचं हा या खेळाचा निम्मा भाग आहे.

ऑनलाइन खेळायचं असेल तर प्रश्नच नाही, रेझरेक्टेड घ्या. जुन्या गेमच्या बॅटल डॉट नेट या ऑनलाइन सेवेवर ९० दिवस लॉगिन केलं नाही की कॅरेक्टर पुसलं जायचं, रेझरेक्टेडने ही भानगड काढून टाकली. पीसीवर वाढवलेलं ऑनलाइन कॅरेक्टर स्विच, प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सवरही उघडतं. गेम मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळा विकत घ्यावा लागतो आणि पीसीवाला स्विचवाल्याबरोबर एका गेममध्ये येऊ शकत नाही. एप्रिल २०२२च्या २.४ पॅचने क्लासचं (कॅरेक्टरच्या प्रकारांचं) संतुलन बदललं आणि लॅडर, म्हणजे क्रमवारीची स्पर्धा सुरू झाली. २.५ने टेरर झोन (जास्त कठीण केलेले भाग) आणि संडर चार्म आणले. पूर्वी हेल या सर्वांत कठीण पातळीवर थंडीचे मंत्र वापरणाऱ्या सॉर्सरेसला कोल्ड इम्यून, म्हणजे थंडीचा मारा न लागणारा राक्षस दिसला की वाट बदलावी लागे. आता चार्म ठेवला की त्याचा प्रतिकार ९५ टक्क्यांवर येतो आणि तिथून पुढे तो कमी करायचं काम तुमच्या बाकीच्या सामानाचं. बदल्यात तुमचाही त्या प्रकारचा प्रतिकार घटतो, त्यामुळे आधी तो प्रतिकार भरून घ्या, मगच चार्म इन्व्हेंटरीत टाका.

२०२१च्या ऑक्टोबरमध्ये रेझरेक्टेडचे सर्व्हर वारंवार कोलमडले, त्याचं कारणही मजेशीर. गेम बनवणं, यादी दाखवणं, कॅरेक्टर वाचणं ही कामं जुन्या कोडवर टिकून होती. तो कोड २००१च्या सवयींसाठी लिहिलेला, जेव्हा लोक एका गेममध्ये तासभर रमायचे. आताचा खेळाडू मेफिस्टो या बड्या राक्षसाला मारतो, बाहेर पडतो आणि मिनिटभरात नवा गेम काढतो. तो भार त्या कोडला झेपेना. म्हणून झटपट गेम बनवण्यावर मर्यादा आली. असे ‘रन’ फारच भराभर केले तर आजही ती आडवी येऊ शकते; अशा वेळी बटण बडवत बसू नका, थोडा दम घ्या.

एकट्याने, ऑफलाइन खेळणाऱ्यांसाठी मामला जास्त रंगतो. चॅटमध्ये स्लॅश देऊन ‘प्लेयर्स ८’ लिहिलं की राक्षसांचा जीव साडेचारपट होतो आणि अनुभव त्या मानाने वाढतो, लूटही वाढते. ही सोय दोन्हीकडे आहे. ऑफलाइन नकाशा डिफिकल्टी बदलेपर्यंत तोच राहतो, त्यामुळे जवळच्या वाटेचा नकाशा हाती लागला की तो जपायचा, हेही दोन्हीकडे. पण मूळ गेममध्ये स्पिरिट, इनसाइट यांसारखे रूनवर्ड लॅडरपुरते राखून ठेवलेले होते. ताल, थुल, ऑर्ट, आम्न याच क्रमाने बसवले तरी ऑफलाइन काही घडायचं नाही, रून वाया. रेझरेक्टेडमध्ये ते ऑफलाइनही बनतात. स्पिरिटसाठी नॉर्मल पातळीच्या काउ लेव्हल या गुप्त भागातली पांढऱ्या नावाची क्रिस्टल सोर्ड घ्या. आयटम लेव्हल (वस्तूची आतली पातळी) २६ ते ४० असेल तर लारझुक हा लोहार रून बसवायला नेमकी चार भोकं पाडतो. ४१ किंवा त्यावरची दिलीत तर सहा पडतील आणि स्पिरिट होणार नाही. इथेच बहुतेकांची फसगत होते.

जुनी ऑफलाइन कॅरेक्टर नव्यात आणता येतात. विंडोजच्या ‘सेव्हड गेम्स’ फोल्डरमध्ये, किंवा फार जुन्या पॅचवर गेमच्या आतल्या ‘सेव्ह’ फोल्डरमध्ये, डीटूएस एक्स्टेन्शनच्या फाइल असतात. त्यांची प्रत ‘डायब्लो टू रेझरेक्टेड’ नावाच्या सेव्ह फोल्डरमध्ये टाका आणि गेम सुरू करा. प्रतच टाका, मूळ फाइल नको: रेझरेक्टेडने एकदा सेव्ह केली की ती जुन्या गेममध्ये उघडत नाही. ‘प्लग-वाय’ या मॉडच्या जादा स्टॅशमधलं सामान येत नाही, ते आधी अंगावर घ्या. जुन्या बॅटल डॉट नेटवरची कॅरेक्टर तर येतच नाहीत. आणि ऑफलाइन खेळत असाल तर बॅकअप तुमचा तुम्हीच घ्यायचा. सामायिक स्टॅशची फाइल वेगळी असते, डीटूआय एक्स्टेन्शनची. नुसती कॅरेक्टर जपून विंडोज फॉरमॅट केलं तर साठवलेले रून गेले म्हणून समजा.

मग जुना गेम घ्यायचा कोणी? सर्वांत आधी मॉडवाल्यांनी. मीडियन एक्सएल आणि प्रोजेक्ट डायब्लो टू हे मॉड मूळ गेम आणि लॉर्ड ऑफ डिस्ट्रक्शन एक्स्पान्शन यांवरच चालतात, रेझरेक्टेडवर नाही. प्रोजेक्ट डायब्लो टूमध्ये लूट फिल्टर, स्वतःचे सर्व्हर आणि सीझन असा वेगळाच संसार आहे. मॉड टाकण्याआधी अख्ख्या गेम फोल्डरची प्रत काढा आणि प्रतीवर मॉड बसवा, म्हणजे मूळ गेमच्या फाइल शाबूत राहतात.

दुसरा गट लॅनवाल्यांचा, म्हणजे एकाच जागी कॉम्प्युटर जोडून खेळणाऱ्यांचा. मूळ गेममध्ये एकाने टीसीपी-आयपीवर गेम उघडायचा, बाकी सातांनी त्याचा पत्ता टाकून आत यायचं. फायरवॉलमध्ये ४००० नंबरचं पोर्ट मोकळं असलं की झालं. इंटरनेट गेलं तरी फरक पडत नाही. रेझरेक्टेडने सुरक्षेचं कारण देऊन ही सोय बाजारात येण्याआधीच काढून टाकली. ही त्यातली सगळ्यात मोठी खोट, आणि तिला पर्याय नाही.

तिसरे जुन्या लॅपटॉपवाले. रेझरेक्टेडला किमान ८ जीबी रॅम, ३० जीबी जागा आणि जीटीएक्स ६६०च्या तोडीचं ग्राफिक्स कार्ड लागतं. मूळ गेम कुठल्याही ऑफिसच्या लॅपटॉपवर पळतो, पण आजच्या विंडोजवर सरळ पळेलच असं नाही. रंग बिघडतात, माउस अडखळतो, ऑल्ट-टॅब केलं की पडदा काळा. दोष बहुतेक वेळा डायरेक्टड्रॉ या चित्र दाखवायच्या जुन्या यंत्रणेचा असतो. तिच्या जागी चालणाऱ्या सीएनसी-डीड्रॉची डीएलएल फाइल गेमच्या ईएक्सईशेजारी ठेवली की यातलं बरंच सुटतं. ग्लाइड रॅपर (गेमची जुनी ग्लाइड ग्राफिक्स पद्धत आजच्या कार्डावर चालवणारा प्रोग्रॅम) वापरणार असाल तर शॉर्टकटच्या टार्गेटच्या शेवटी, अवतरणचिन्हाच्या बाहेर, एक स्पेस सोडून ‘-३डीएफएक्स’ हा स्विच रोमन अक्षरांत लिहा. अवतरणाच्या आत लिहिला तर विंडोज ते पाथमध्येच धरतं आणि चूक दाखवतं.

अल्ट्रावाइड मॉनिटर घेऊन बसला असाल तर रेझरेक्टेडकडूनही फार अपेक्षा नको. २१:९च्या पडद्यावर चित्र १९:९पर्यंतच पसरतं, कडा काळपट राहतात. कारण राक्षस ठराविक अंतरातच जागे होतात. पडदा त्याहून रुंद केला तर झोपलेल्यांना तुम्ही बिनधास्त बाण मारत सुटाल.

पैशांचं म्हणाल तर रेझरेक्टेड ३९.९९ डॉलरला आला, एक्स्पान्शन त्यातच. सेलमध्ये तो बराच उतरतो, त्यामुळे पूर्ण किमतीला घ्यायची घाई करू नका. मूळ गेम आणि लॉर्ड ऑफ डिस्ट्रक्शन या मात्र दोन वेगळ्या खरेद्या आहेत. मॉडसाठी घेत असाल तर दोन्ही लागतील, एकाने भागत नाही.