दोन वर्षांचं परदेशी मास्टर्स, अन् माझी कबड्डी कुलपात

स्पोर्ट्स परफॉर्मन्स ॲनालिसिसचं, म्हणजे मॅचमधल्या खेळाच्या नोंदी करून त्यातून खेळ समजून घ्यायचं, मास्टर्स करून गावात परत येऊन पाच महिने झाले. इरॅस्मस मुंडस (युरोपियन युनियनच्या स्कॉलरशिपवर वेगवेगळ्या देशांत शिकायचा कोर्स), १२० क्रेडिट, महिन्याला १४०० युरो, हे सगळं ज्यांना फॉर्म भरायचाय त्यांना पाठ असतंच. मी लिहायला बसलो कारण माझ्या थिसिसची फाईल परवा उघडलीच नाही.

कबड्डीच्या ४१ मॅचेस. प्रत्येक रेड टॅग केलेली, कितव्या सेकंदाला हात मारला, डावीकडून की उजवीकडून, बोनस घेतला का, अँकल कोणी धरला. सगळं कोर्समधे मिळालेल्या टॅगिंगच्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फॉरमॅटमधे, दुसरीकडं उघडत नाही. लायसन युनिव्हर्सिटीच्या मेलवर, डिग्री झाली की मेल बंद, मेल बंद की लायसन बंद. कंपनीला तीन मेल टाकले, तिन्हीला एकच उत्तर, वर्षाचं सबस्क्रिप्शन घ्या. म्हणजे माझाच डेटा मीच विकत घेऊ? ओसरीत कापूस भरून ठेवलाय भाव येईल म्हणून, त्यातला अर्धा यालेच जाईल. एक्सेलमधे एक्स्पोर्ट करून ठेवा रे पोरांनो, एवढं एक वाक्य दोन वर्षांत कोणी बोललं नाही!

बाकी कोर्स? शिकवणं चांगलं. राहणं म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड, दर सेमिस्टरला नवीन देश, नवीन खोली, नवीन डिपॉझिट. आयर्लंड शेंगेनमधे (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) नाही, त्यामुळे तिथला व्हिसा वेगळा, अन् व्हिसा, विमान सगळं त्याच १४०० मधून. कुकर मात्र मी सगळे देश फिरवून घरी परत आणला. तर कोर्सला ५ पैकी २ मार्क.

हे वरचं रविवारी लिहून ठेवलं होतं. काल रात्री बाजूच्या गावात टूर्नामेंट होती. लाईट दोनदा गेली, लॅपटॉपची बॅटरी मेलेली, म्हणून वही काढली अन् पहिल्या आठवड्यात शिकवलेल्या खुणा करत बसलो. तेव्हा मले ते पोरखेळ वाटलं होतं. इंग्लंडात चार्ल्स रीप नावाच्या माणसानं १९५० मधे स्विंडनची फुटबॉल मॅच बघता बघता कागद-पेन्सिलीवर अशाच नोंदी केल्या होत्या, हे ऐकून आम्ही हसलो होतो.

हाफटाईमला वही पाहिली तर त्यांचा मेन रेडर दोन रेड रिकाम्या गेल्या की तिसऱ्या, डू ऑर डायला (पॉईंट नाही आणला तर रेडर बाद), दरवेळी आमच्या डाव्या कॉर्नरवरच येत होता. पाचपैकी पाच. कॉर्नरच्या पोराला सांगितलं, आधी हलू नको, पाय आला की धर. दुसऱ्या हाफात त्यानं दोनदा अँकल धरला. आम्ही तरी हरलो, चार पॉईंटनी, पण ते दोन टॅकल वहीतून निघाले हे मात्र खरं.

घरी आल्यावर मोबाईलवरचा व्हिडिओ बघून तीच मॅच परत कागदावर मांडली, आपलंच आपल्याशी जुळतं का पाहायला. तीन रेड चुकल्या होत्या, तिन्ही लाईट गेल्यावरच्या. बा खाटेवरून पाहत होते. म्हणे, "काऊन रे, दोन वर्सं तिकडं काड्या ओढाले गेल्ता का?"

तर २ चे साडेतीन करतो. जास्त नाही, कारण ४१ मॅचेस अजून कुलपातच आहेत. कोणाकडं चालू लायसन असेल तर सांगा, फाईल फक्त एक्स्पोर्ट करून पाहिजे, दहा मिनिटाचं काम आहे.